जुने फ्रेंच जडावकामाचे कपाट पारखताना
नाशिकच्या एखाद्या जुन्या वाड्यातून फ्रेंच जडावकामाचे, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून नक्षी केलेले, कपाट विक्रीस आले, तर आधी खण बाहेर काढून आतली बाजू पाहावी. दर्शनी फुलांच्या नक्षीपेक्षा तीच अधिक बोलते. १८व्या शतकातील लाकडी पापुद्रे हातकरवतीने कापलेले असल्याने साधारण १ ते २ मिलिमीटर जाड आणि किंचित असमान असतात, यंत्राचे पातळ व एकसारखे. पॅरिसच्या कारागीर-संघाने १७४३च्या नियमांनी सक्तीचा केलेला नावाचा शिक्का कपाटावरच्या संगमरवरी फरशीखाली शोधावा. मात्र राजाश्रयाच्या कारागिरांना त्यातून सूट होती आणि खोटे शिक्केही पुष्कळ, त्यामुळे केवळ त्यावर भाव ठरवू नये. मालकीची पत्रे, लिलावाच्या पावत्या मागाव्यात. सरसाने चिकटवलेले पापुद्रे इथल्या कोरड्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळी दमटपणात सुटू शकतात, म्हणून ओले फडके मुळीच फिरवू नये.