रिलेटिव्ह, पण कशाच्या? डेस्कटॉप ॲप बाहेर देण्याआधीची पाथची तयारी

'मारुतीच्या देवळामागे' हा पत्ता गावात पुरतो. गाव बदललं की तोच पत्ता भलत्याच दारात नेऊन उभा करतो, कारण मारुतीचं देऊळ तिथेही असतंच. रिलेटिव्ह पाथचं, म्हणजे फाइलच्या एखाद्या फोल्डरपासून मोजलेल्या पत्त्याचं, तसंच आहे. फाइल सापडली नाही तर निदान एरर येते. त्याच नावाची दुसरीच फाइल सापडली तर कळतही नाही. म्हणून इन्स्टॉलर बांधायच्या आधी फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारायचा: हा पाथ कशाच्या सापेक्ष धरलाय?

आधी संपूर्ण कोडमध्ये शोध घेऊन अशा ओळींची यादी काढा आणि प्रत्येक फाइल चारांपैकी एका खणात टाका. पहिल्या खणात ॲपसोबत जाणाऱ्या फाइली: आयकॉन, टेम्प्लेट, फॉन्ट, भाषांतरं. दुसऱ्यात ॲप स्वतः तयार करतं त्या: सेटिंग, लॉग, कॅश. तिसऱ्यात वापरणाऱ्याची प्रकल्पफाइल, आणि चौथ्यात ती प्रकल्पफाइल ज्यांचा हवाला देते ते फोटो, नकाशे, ध्वनिफिती. चारही खणांचा आधार वेगळा. पहिल्याचा आधार प्रोग्रामचं फोल्डर, दुसऱ्याचा ऑपरेटिंग सिस्टिम सांगेल ती जागा, तिसरा फाइल निवडण्याच्या खिडकीतून ॲब्सोल्यूट पाथ, म्हणजे मुळापासूनचा पूर्ण पत्ता, म्हणूनच येतो आणि चौथा प्रकल्पफाइलच्या फोल्डरपासून मोजायचा. एखादी फाइल कुठल्याच खणात बसत नसेल तर बहुधा ती 'चालू फोल्डर'वर, म्हणजे वर्किंग डिरेक्टरीवर, अवलंबून आहे. अशी प्रत्येक ओळ बदलायला घ्या.

वर्किंग डिरेक्टरी ही ॲप कुणी आणि कुठून सुरू केलं यावर ठरते. एडिटरमधून चालवलं की ती प्रोजेक्टची किंवा बिल्डची जागा असते, म्हणून तिथे सगळं सुरळीत दिसतं. विंडोजमध्ये शॉर्टकटवरून सुरू केलं तर त्याच्या 'स्टार्ट इन' रकान्यात लिहिलेली जागा. सर्व्हिस म्हणून चालवलं तर सिस्टिम३२. मॅकवर फाइंडरमधून उघडलं तर थेट मूळ फोल्डर, नुसता '/'. शिवाय ती मध्येच बदलूही शकते. विंडोजमध्ये फाइल उघडायची खिडकी वापरून कुणी दुसऱ्या फोल्डरमधली फाइल निवडली की वर्किंग डिरेक्टरी तिकडे सरकू शकते. 'पहिला अहवाल छापला, दुसऱ्याच्या वेळी टेम्प्लेट सापडेना' ही तक्रार आली की आधी इथे पाहा.

यावर एक सोपा वाटणारा उपाय असतो: ॲप सुरू होताच वर्किंग डिरेक्टरी बदलून प्रोग्रामच्या फोल्डरवर आणून ठेवायची. तो करू नका. टर्मिनलमध्ये बसलेला माणूस ॲपच्या नावापुढे फाइलचं नुसतं नाव लिहितो, तेव्हा ते नाव त्याच्या चालू फोल्डरपासूनच मोजलं गेलं पाहिजे. वर्किंग डिरेक्टरी वापरायची ही एकमेव रास्त जागा आहे. तिथे सुरुवातीलाच एकदा ॲब्सोल्यूट पाथ करून घ्या आणि पुढे तोच फिरवा. तुमचं ॲप एका वेळी एकच प्रत चालू देत असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. दुसरी प्रत आपलं आर्ग्युमेंट, म्हणजे ॲपच्या नावापुढे लिहिलेलं फाइलचं नाव, पहिलीकडे पाठवून बंद होते. पण पहिलीची वर्किंग डिरेक्टरी वेगळी असते. पाठवण्याआधीच पाथ पूर्ण केला नाही तर चुकीची फाइल उघडेल.

पहिल्या खणासाठी प्रोग्रामचं फोल्डर विचारायचं कसं, हे ॲप बनवायच्या साधनागणिक बदलतं. डॉटनेटमध्ये ॲपकॉन्टेक्स्ट.बेसडिरेक्टरी वापरा, असेंब्लीचं (बांधलेल्या कोडच्या फाइलचं) लोकेशन, सगळं एकाच फाइलमध्ये भरणाऱ्या सिंगल-फाइल बिल्डमध्ये, रिकामी स्ट्रिंग देतं. क्यूटीत ॲप्लिकेशनडिरपाथ आहे. पायथॉनचं ॲप पायइन्स्टॉलरने एकाच फाइलमध्ये बांधलं असेल तर प्रत्येक वेळी सगळा पसारा एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो आणि ॲप बंद होताना पुसला जातो. टेम्प्लेट तिथे शोधायचे हे बरोबर, पण सेटिंगही तिथेच लिहिली तर दर वेळी कोरी पाटी. लिनक्सवरची ॲपइमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये बांधलेलं ॲप, फक्त वाचता येईल अशी माउंट होते. मॅकओएस १०.१२ पासून, म्हणजे २०१६ पासून, नेटवरून उतरवलेलं आणि जागेवरून न हलवलेलं ॲप एखाद्या यादृच्छिक, फक्त-वाचनीय जागेवरून चालवलं जाऊ शकतं. 'ॲपच्या शेजारच्या फोल्डरमध्ये बघ' हा हिशेब तिथे कोसळतो. तात्पर्य एवढंच की प्रोग्रामच्या फोल्डरमधून वाचायचं, तिथे लिहायचं नाही.

विंडोजच्या प्रोग्राम फाइल्समध्ये तर साध्या खात्याला लिहिण्याची परवानगीच नसते. मॅनिफेस्ट (ॲपबद्दल विंडोजला सांगणारी नोंद) नसलेली जुनी ३२-बिट ॲप्स मात्र लिहिताना अडखळत नाहीत, कारण व्हिस्टापासून विंडोज त्यांचं लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये वळवतं. लिहिणाऱ्याला फाइल दिसते, त्याच संगणकावरच्या दुसऱ्या खात्याला दिसत नाही, आणि इन्स्टॉलरने बदललेली नवी सेटिंग त्या जुन्या सावलीमागे झाकली जाते.

दुसऱ्या खणासाठी पाथ जोडून तयार करू नका, सिस्टिमला विचारा. विंडोजमध्ये ॲपडेटाचे रोमिंग आणि लोकल असे दोन भाग आहेत: छोटी सेटिंग पहिल्यात, कॅश आणि लॉग दुसऱ्यात. मॅकवर लायब्ररीतलं ॲप्लिकेशन सपोर्ट. लिनक्सवर एक्सडीजी या फोल्डरांच्या जागा ठरवणाऱ्या संकेतानुसार होम फोल्डरमधले .कॉन्फिग, .लोकल/शेअर आणि .कॅश, पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दुसरी जागा दिली असेल तर ती मानायची, आणि तिथे कुणी रिलेटिव्ह पाथ ठेवला असेल तर तो अवैध धरून सोडून द्यायचा, असं तो संकेतच सांगतो. होम फोल्डरपुढे 'डॉक्युमेंट्स' चिकटवलं की काम झालं, हा समजही सोडा. वनड्राइव्हने डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप आपल्या फोल्डरखाली हलवले असतील तर जुन्या जागी काहीच नसतं. लिनक्सवर तर ही फोल्डरं सिस्टिमच्या भाषेत तयार होऊ शकतात.

खरं कसब लागतं ते चौथ्या खणात. प्रकल्प पेनड्राइव्हवर जातो, सहकाऱ्याकडे जातो, वर्षभराने बॅकअपमधून परत येतो. तो कुठेही उघडला तरी त्याचे फोटो सापडले पाहिजेत. जाणती ॲप्स हे आधीपासून करतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या ॲपमध्ये प्रकल्पाच्या गुणधर्मांत पाथ रिलेटिव्ह ठेवायचे की ॲब्सोल्यूट हे निवडता येतं आणि न निवडल्यास रिलेटिव्ह राहतात. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या ॲपमध्ये '//' ने सुरू होणारा पाथ म्हणजे ब्लेंड फाइलच्या फोल्डरपासूनचा.

तुमच्या ॲपमध्ये नियम असा ठेवा: मेमरीत सगळे पाथ ॲब्सोल्यूट, डिस्कवर लिहिताना रिलेटिव्ह. रूपांतर फक्त दोन ठिकाणी, सेव्ह करताना आणि उघडताना, आणि दोन्ही वेळा आधार म्हणून प्रकल्पाचं फोल्डर स्पष्टपणे द्यायचं. 'पूर्ण पाथ करून दे' म्हणणारी बहुतेक फंक्शनं आधार दिला नाही तर वर्किंग डिरेक्टरी धरतात. हा नियम मोडला की 'सेव्ह ॲज' फसतं. प्रकल्प एका फोल्डरमधून दुसऱ्यात जातो, पण मेमरीत ठेवलेल्या 'फोटो/०१' सारख्या स्ट्रिंग जशाच्या तशा उतरतात आणि नव्या फोल्डरमध्ये तर फोटोच नसतात. अजून सेव्ह न झालेल्या प्रकल्पाला आधारच नसतो; पहिल्या सेव्हपर्यंत ॲब्सोल्यूटच वापरावे लागतात. डिस्कवर लिहिताना '/' हाच स्लॅश ठेवा. विंडोज तो समजतं, मॅक आणि लिनक्स बॅकस्लॅशला फोल्डरची सीमा मानत नाहीत.

प्रकल्प डी ड्राइव्हवर आणि फोटो ई ड्राइव्हवर असतील तर रिलेटिव्ह पाथ शक्यच नाही. इथे डॉटनेटचं गेटरिलेटिव्हपाथ निमूट पूर्ण पाथ परत देतं, पायथॉनचं रेलपाथ व्हॅल्यूएरर फेकतं. म्हणजे एकीकडे चूक लपते, दुसरीकडे ऐन सेव्ह करताना ॲप पडतं. दोन्हीपेक्षा वापरणाऱ्याला विचारणं बरं: फाइल प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये कॉपी करू, की आहे तिथेच ठेवून ॲब्सोल्यूट पाथ लिहू?

दोन्ही पाथ लिहून ठेवणं ही चांगली पद्धत आहे, पण शोधायचा क्रम चुकवू नका. आधी रिलेटिव्ह, मग ॲब्सोल्यूट, शेवटी वापरणाऱ्याला विचारणं. क्रम उलटा केला तर प्रकल्पाची प्रत काढून त्यात बदल करणारा माणूस मूळ प्रकल्पाचेच फोटो पाहत बसतो, आणि मूळ फोल्डर पुसल्यावर एकदम सगळं रिकामं होतं. हरवलेल्या एका फाइलची नवी जागा वापरणाऱ्याने दाखवली की जुन्या आणि नव्या पाथमधला फरक काढून बाकीच्या फाइलीही तिथे शोधा. दोनशे फोटोंसाठी दोनशे वेळा खिडकी उघडणारं ॲप कुणी दुसऱ्यांदा हाती घेत नाही. आणि न सापडलेल्या फाइलचा हवाला सेव्ह करताना गाळू नका. पेनड्राइव्ह लावायचा राहिला असेल, एवढंच कारण असतं कधीकधी.

पाथ जोडणाऱ्या फंक्शनांचा एक स्वभाव माहीत असू द्या. पाथ.कम्बाइन काय किंवा पायथॉनचं जॉइन काय, दुसरा तुकडा ॲब्सोल्यूट असेल तर पहिला सरळ टाकून देतात. त्यामुळे बाहेरून आलेल्या प्रकल्पातला पाथ जोडल्यावर तो अपेक्षित फोल्डरच्या आत आहे ना, हे '..' (एक पायरी वरचं फोल्डर) सोडवून झाल्यानंतर तपासावं लागतं. झिपमधून फाइली उलगडताना ही तपासणी न केल्याने होणारा घोटाळा २०१८ मध्ये 'झिप स्लिप' या नावाने गाजला. तपासताना फोल्डरच्या नावाशेवटी स्लॅश जोडून तुलना करा, नाहीतर 'प्रकल्प'च्या आत 'प्रकल्प-जुना'सुद्धा बसतो. दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा नेटवर्क पाथ परस्पर उघडू नका. विंडोज त्या अनोळखी सर्व्हरकडे लॉगिनची ओळख पटवायला जाऊ शकतं. 'सी:अहवाल' आणि '\अहवाल' हे दोन अर्धवट पाथही लक्षात ठेवा. पहिला सी ड्राइव्हच्या चालू फोल्डरपासून मोजला जातो, दुसरा चालू ड्राइव्हच्या मुळापासून. डॉटनेटचं इजपाथरूटेड दोन्हींना होकार देतं. खरं उत्तर हवं असेल तर इजपाथफुलीक्वालिफाइड विचारा.

आता मराठी नावं. विंडोजमध्ये देवनागरीसाठी ॲन्सी कोडपेज, म्हणजे जुन्या पद्धतीचा अक्षरतक्ता, नाहीच. जुन्या, एक-बाइटी फंक्शनांनी फाइल उघडणाऱ्या ॲपला मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात आणि फाइल उघडत नाही. खात्याचं नावच मराठीत असेल तर होम फोल्डर मराठी, म्हणजे ॲपडेटाही गेलं. युनिकोड नावं घेणारी वाइड फंक्शनं वापरा, किंवा विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) मागता येतं ते मागा.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'कऱ्हाड' हे नाव तीन प्रकारे टाइप होतं: नुक्त्याचा 'ऱ' एकच अक्षर म्हणून, साधा 'र' आणि वेगळा नुक्ता मिळून, किंवा 'र', हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखे, यूटीएफ-८ मध्ये पहिला १८ बाइटचा आणि उरलेले दोन २१ बाइटचे. एनएफसी या युनिकोडच्या जोडून लिहिण्याच्या प्रमाण रूपात आणलं की पहिले दोन एक होतात, तिसरा वेगळाच राहतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावांतली अशी जोडअक्षरं सुटी करून ठेवत असे, त्यामुळे तिथून आलेली फाइल प्रकल्पातल्या नावाशी जुळत नाही. नावांची तुलना करताना दोन्ही बाजू एनएफसीत आणा आणि 'र', हलन्त, झेडडब्ल्यूजे या क्रमाच्या जागी 'ऱ' आणि हलन्त धरा. पण उघडताना सिस्टिमने दिलेलं नाव अक्षरशः तसंच वापरा. लांबीचाही फरक पडतो. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. विंडोजवर नीट चाललेलं लांबलचक शीर्षक तिथे कॉपीच होत नाही.

उरलेलं झटपट. विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून उठवता येते, पण रजिस्ट्रीतली सेटिंग आणि ॲपचं मॅनिफेस्ट दोन्ही हवीत. फाइलनावं लहान-मोठ्या लिपीसह जशी डिस्कवर आहेत तशीच लिहा, लिनक्स त्यात सवलत देत नाही. नावाच्या शेवटचा टिंब आणि मोकळी जागा विंडोज गाळून टाकतं. नेटवर्कवरच्या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर देऊन मॅप केलेला झेड ड्राइव्ह ॲडमिन म्हणून चालवलेल्या ॲपला सहसा दिसत नाही. तिथे नेटवर्क पाथच ठेवा.

शेवटची चाचणी एखाद्या कोऱ्या संगणकावर, ॲडमिन नसलेल्या आणि मराठी नावाच्या खात्यातून करा. ॲप शॉर्टकटवरून 'स्टार्ट इन' रिकामं ठेवून उघडा, प्रकल्पफाइलवर दोनदा क्लिक करून उघडा, मग टर्मिनलमध्ये भलत्याच फोल्डरमधून. 'कऱ्हाड पाहणी' नावाच्या फोल्डरमध्ये प्रकल्प तयार करा, पेनड्राइव्हवर न्या आणि ड्राइव्हचं अक्षर बदलून उघडा. पेनड्राइव्हवरची प्रत उघडण्याआधी मूळ फोल्डरचं नाव मात्र बदला. मूळ जागेवर तसंच राहिलं तर विसरलेले ॲब्सोल्यूट पाथही तिथून फाइली आणून देतात आणि चाचणी उगाच पास होते.