पंचाहत्तरीनंतर एसटीने मुंबई विमानतळ गाठायचा, तर

साताऱ्याहून मुंबईला विमान पकडायला जायचं म्हटलं की घरातली मुलं मोबाईलवर गाड्यांची भाडी दाखवतात आणि "बाबा, एसटी कशाला?" म्हणतात. कशाला म्हणजे? 26 ऑगस्ट 2022 पासून राज्य सरकारने पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटी मोफत केली आहे, साध्या लालपरीपासून शिवनेरीपर्यंत. अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट सगळं या योजनेवर करून आलेली माणसं लेकीकडे अमेरिकेला निघाली की मात्र हजारोंची गाडी ठरवतात. साताऱ्यापासून मुंबई सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यातला जवळजवळ सगळा प्रवास फुकट आणि सोपा असतो. अडतं ते शेवटच्या काही किलोमीटरला, हातात दोन बॅगा असताना. म्हणून बाकीचं मी भराभर उरकतो आणि तिथे थांबतो.

कोणाला किती

75 पूर्ण असतील तर शून्य. 65 ते 75 मध्ये असाल तर अर्धं तिकीट. बाईमाणसाला 17 मार्च 2023 पासून कोणत्याही वयात अर्धं. म्हणजे आजोबा 77 चे आणि आजी 71 च्या असतील, तर आजोबांचे पैसे पडत नाहीत, आजींचे निम्मे पडतात. वेगळा पास काढायला कुठे रांग लावायची नाही. वय दाखवणारं सरकारी ओळखपत्र पुरे. आधार सगळ्यात बरं. मूळ कार्ड घ्या, झेरॉक्सवर वाद होतात.

पासपोर्टही चालतो, पण म्हणून तो गाडीत बाहेर काढू नका. आधार शर्टाच्या खिशात, पासपोर्ट आतल्या पाऊचमध्ये, आणि विमानतळाच्या दारापर्यंत त्या पाऊचची चेन उघडायची नाही. कंडक्टरला आधार दाखवताना पासपोर्ट, डॉलर आणि विम्याचा कागद असं सगळं मांडीवर पसरणारे महाभाग मी पाहिले आहेत.

तिकीट शून्य रुपयांचं असलं तरी ते मागून घ्या आणि उतरेपर्यंत जपा. तपासनीस चढला तर तो तुमचे पांढरे केस बघत नाही, तिकीट बघतो.

ही सवलत शहर बसला नाही. बेस्ट असो की पीएमपी, तिथे त्यांचे नियम. "आजोबा, आता सगळ्या बस फुकट आहेत" असे मेसेज फिरत असतात. ते पुढे पाठवू नका आणि त्यांच्या भरवशावर तर मुळीच निघू नका.

तारीख

परदेशाची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 15 तारीख, रात्री 1:40 असेल तर एसटी 14 तारखेला सकाळी पकडायची. हे लहान मुलालाही कळतं असं वाटतं ना? भिंतीवरच्या कॅलेंडरवर 14 ला मोठी खूण करा आणि 15 कडे बघूच नका.

विमानाच्या वेळेच्या सहा तास आधी मुंबईत पोचेल अशी गाडी धरा. पावसाळ्यात खंडाळ्याचा घाट तुंबतो, रविवारी संध्याकाळी तर लोणावळ्याहून परतणाऱ्यांच्या मोटारींमुळे द्रुतगती मार्गालाही गती उरत नाही. लवकर पोचलात तर बसून राहाल, एवढंच.

तिकिटावर आणखी एक गोष्ट पाहा: विमानतळ कोणता? नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 पासून सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम (BOM) म्हणजे जुना, मुंबईचा. एनएमआय (NMI) म्हणजे नवी मुंबईचा. एनएमआय असेल तर पनवेल स्टँडला उतरा, तिथून रिक्षा किंवा टॅक्सी करा आणि हा लेख इथेच सोडा. तुमचं काम झालं.

बॅगा

अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा 23 किलोच्या दोन बॅगा चालतात. विमान कंपनीला चालतात. तुमच्या कमरेला चालतात का ते आधी घरात जिन्यावर उचलून पाहा. डिकीत बॅग ठेवायला स्टँडवर कोणी ना कोणी हात लावतं, काढताना मात्र हायवेच्या कडेला तुम्ही एकटे असता. लोणच्याच्या बरण्या कमी करा. आणि चार बारक्या चाकांची गुळगुळीत बॅग विमानतळाच्या फरशीवर पळते, स्टँडच्या खडीवर नाही. दोन मोठ्या चाकांचीच घ्या.

गाडी निवडणं आणि उतरणं

आता खरी गोष्ट. सल्ला देणारे दहापैकी नऊ जण सांगतात, "दादरला उतरा, तिथून टॅक्सी करा." या सल्ल्यावर माझा राग आहे. बॅगा घेऊन दादर पूर्वेला उतरलात की पहिला धक्का असा बसतो की तिथे रिक्षाच नाही. मुंबईत रिक्षाला शीव म्हणजे सायन आणि बांद्रा यांच्या दक्षिणेला येऊ देत नाहीत. मग टॅक्सी. संध्याकाळच्या वेळी दादरचा टॅक्सीवाला विमानतळाचं नाव ऐकून एकतर मान हलवतो नाहीतर मनाला येईल तो आकडा सांगतो. भर गर्दीत, बॅगांवर एक हात ठेवून, एकामागून एक टॅक्सीवाल्यांचा नकार ऐकत मी उभा राहिलो आहे. शिवाय एसटी तुम्हाला विमानतळापासून लांब, दक्षिणेला घेऊन गेलेली असते. तेवढंच अंतर पैसे मोजून उलटं यायचं. फुकट प्रवासाची सगळी मजा त्या टॅक्सीत जाते.

कोणी म्हणेल, आता दादरहून भुयारी मेट्रो आहे. आहे, आणि चांगली आहे. मेट्रो 3 थेट टी-टूच्या, म्हणजे परदेशी विमानांच्या टर्मिनलच्या, स्टेशनात नेते. पण एसटी सोडते दादर पूर्वेला आणि ते मेट्रो स्टेशन आहे पश्चिमेला. मधे रेल्वे, तिचा पूल आणि दादरची माणसं. पाठीवर एक पिशवी असेल तर खुशाल जा. दोन मोठ्या बॅगा असतील तर त्या पुलाचं नाव काढू नका.

म्हणून गाडीची पाटी वाचा. मुंबई सेंट्रल, परळ, दादर सोडून द्या. बोरिवली शोधा. आणि बोरिवली नुसतं वाचून चढू नका, "कोणत्या मार्गे?" हे विचारा. ठाण्याकडून घोडबंदरने जाणारी बोरिवली गाडी तुमच्या कामाची नाही. ती विमानतळाला लांबून वळसा घालते. सायन-बांद्रा करून पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागणारी गाडी हवी. ती विमानतळाच्या भिंतीला लागून जाते. एवढा एक प्रश्न चौकशीच्या खिडकीवर विचारायला लोक लाजतात आणि मग ठाण्यात उतरून जावयाला फोन करतात.

विनावाहक, विनाथांबा गाडीही टाळा. तिच्यात कंडक्टर नसतो आणि मधे कुठे उतरवायला ती बांधील नसते.

कंडक्टर मशीन घेऊन आला की आधार पुढे करून म्हणा, "एक अमृत, विलेपार्ले हायवे." तिकीट फुकट म्हणून तो सरळ बोरिवलीचं काढायला बघेल आणि तुम्हालाही वाटेल, काय फरक पडतो? पडतो. तिकिटावर पार्ले किंवा अंधेरी असेल तर उतरायचं ठिकाण त्याच्याही डोक्यात राहतं. पनवेल सुटलं की पुन्हा एकदा आठवण करा, सायनला तिसऱ्यांदा. चिडला तर चिडू दे.

तिसऱ्यांदा सांगायचं कारण म्हणजे पूल. बांद्र्यापासून पुढे हायवेवर एकामागून एक उड्डाणपूल आहेत. गाडी पुलावर चढली की खालचा थांबा गेला. ड्रायव्हरला आधीच माहीत असेल तर तो पुलाखालून, कडेच्या रस्त्याने घेतो. वाकोल्याचा पूल ओलांडला की जागा सोडून दाराशी या. उजव्या हाताला खाली उतरणारी विमानं दिसू लागतात. तोपर्यंत बसून राहिलात तर उशीर झाला.

उजव्या हाताला. हे लक्षात ठेवा. बोरिवलीकडे जाणारी गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला तुम्हाला उतरवणार आणि विमानतळ हायवेच्या पलीकडे, पूर्वेला. इथे माणसांचा जीव उतावीळ होतो. टर्मिनल समोर दिसतं, टी-वन तर अगदी हाकेच्या अंतरावर वाटतं, आणि बॅगा ओढत हायवे ओलांडायचा मोह होतो. खबरदार. भुयारी वाटाही शोधू नका, त्यांना पायऱ्या असतात. उतरलात त्याच बाजूला रिक्षा थांबवा आणि वळसा तिलाच घेऊ द्या. मीटर टाकायला सांगा. पाच-दहा मिनिटं जास्त लागतील, दहा-वीस रुपये जास्त होतील. अडीचशे किलोमीटर फुकट आलात, तेवढे द्या.

टी-वन म्हणजे सांताक्रूझचा, देशांतर्गत विमानांचा. त्यासाठी पार्लेच बरं. टी-टू म्हणजे सहार. परदेशाची विमानं तिथून सुटतात आणि देशांतर्गत पण बरीचशी. टी-टूसाठी पार्ल्याला उतरा किंवा अंधेरीला, अंतरात फार फरक नाही. म्हणजे पार्ल्याचा थांबा पुलावरून हुकलाच, तर आरडाओरडा नको. अंधेरीला उतरा आणि अंधेरी-कुर्ला रस्त्याने रिक्षा करा.

टी-टूला रिक्षा खालच्या बाजूला सोडते. वर, डिपार्चरच्या दारात थेट नेणाऱ्या उन्नत रस्त्यावर तिला परवानगी नाही. खालून लिफ्टने वर जायचं. ज्यांचे गुडघे अगदीच बोलतात त्यांनी हायवेवरून रिक्षाऐवजी टॅक्सी बोलवावी, म्हणजे दारातच उतरता येतं.

बोरिवलीची गाडी मिळालीच नाही तर

मग चेंबूरचं मैत्री पार्क. पुण्याकडून दादरला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात, शिवनेरीसुद्धा. तिथे रिक्षा आहे, टॅक्सी आहे, आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने किंवा कुर्ल्यातून विमानतळ गाठता येतो. भाडं पार्ल्यापेक्षा पुष्कळ जास्त होईल, पण दादरपेक्षा केव्हाही कमी आणि डोक्याला ताप नाही. पुण्यापर्यंत एका गाडीने येऊन तिथे शिवनेरी बदलणार असाल तर बॅगा दोनदा चढवायच्या आहेत हे धरून चाला. मी तसं करत नाही. सरळ जाणारी लालपरी, खिडकी उघडी, हेच मला झेपतं.

विमानतळावर

नातेवाइकांना आत सोडत नाहीत, तिकीट आणि ओळखपत्र दाखवूनच आत जाता येतं, निरोप दारातच. व्हीलचेअर हवी असेल तर 48 तास आधी विमान कंपनीला कळवा. लाजू नका. टी-टूमध्ये चालायचं अंतर फार आहे.

मुंबई नसेल तर

छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ जालना रस्त्यावरच आहे. जालन्याकडून येणाऱ्या गाडीतून उतरलात की आलातच. नागपूरला वर्ध्याकडून येणारी गाडी वर्धा रोडने विमानतळाच्या वळणावरून जाते, तिथेच उतरा. गावातल्या स्टँडवर जाऊन उलटं येणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पुण्याला नगरकडून येत असाल तर विमाननगरला उतरा. साताऱ्याकडून येणाऱ्यांना स्वारगेटहून लोहगावपर्यंत अख्खं शहर ओलांडावं लागतं, तिथे रिक्षेचे पैसे बाजूला ठेवा.

सिंधुदुर्गातली मंडळी गोव्याच्या मोपा विमानतळाला जातात. जवळ आहे, पण सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला हद्द संपली की पुढच्या टप्प्याचं तिकीट रोख घ्यावं लागतं. हेच निपाणीमार्गे बेळगावला जाणाऱ्यांचं. सुटे पैसे ठेवा.

परत येताना

परतीचा नियम उलटा. साताऱ्याकडे जाणारी गाडी हायवेच्या पूर्वेच्या कडेने येते, म्हणजे विमानतळाच्याच बाजूने. बाजू बदलायचा प्रश्न नाही. पण रात्रभर विमानात बसून, पहाटे सुजलेल्या पायांनी, हायवेच्या धुळीत बॅगा घेऊन गाडीची वाट बघणं हा प्रकार मी कोणाला सुचवणार नाही. विमान उशिरा आलं तर आरक्षणही वाया. टॅक्सीने मैत्री पार्क गाठा, तिथे गाड्या जास्त मिळतात, आणि आधार पुन्हा शर्टाच्या खिशात आणायला विसरू नका. येताना ते हमखास चेक-इन बॅगेच्या तळाशी गेलेलं असतं.