प्लगिन स्कॅन होतानाच सॉफ्टवेअर बंद पडतंय?
गाणी बनवायचं सॉफ्टवेअर प्लगिन (त्याला जोडायची वाद्यं-इफेक्ट्सची छोटी सॉफ्टवेअर) स्कॅन करता करता धाडकन बंद पडत असेल, तर सगळं काढून पुन्हा टाकायची घाई नको. बहुतेक वेळा घोळ एखाद्याच प्लगिनचा असतो. पडद्यावर शेवटी कोणतं नाव होतं ते बघा. नावं भराभर सरकतात, म्हणून मी सरळ मोबाइलवर व्हिडिओ काढतो.

विंडोजवर 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या 'कॉमन फाइल्स'मध्ये 'व्हीएसटी३' (प्लगिनचा एक प्रकार) नावाचा फोल्डर असतो. संशयित फाइल तिथून डेस्कटॉपवर हलवा, डिलीट करू नका. नाव कळलंच नाही, तर निम्म्या फाइल्स बाहेर काढून सॉफ्टवेअर उघडा. उघडलं, तर चोर बाहेरच्या निम्म्यात. नाही, तर आतल्या. मग त्या निम्म्यातल्या निम्म्या. ६४ प्लगिनांतला एक चोर सहा फेऱ्यांत हाती लागतो.

स्कॅन नुसतं अडकलं असेल, तर आधी ऑल्ट-टॅब दाबा. माझं एकदा तासभर अडकलं होतं. लायसन्स मागणारी खिडकी मागे लपून बसली होती!

प्लगिनची नवी आवृत्ती टाकल्यावर सेटिंगमधून जुनी स्कॅन-यादी पुसून पुन्हा स्कॅन करा. बरीच सॉफ्टवेअर एकदा फसलेलं प्लगिन लक्षात ठेवून पुढे वगळतात.