नळाला लावायचा फिल्टर किती टिकतो, हे आपल्याच स्वयंपाकघरात कसे मोजावे

नळाच्या तोंडाला बसवायच्या फिल्टरच्या खोक्यावर बहुधा दोन आकडे छापलेले असतात: कार्ट्रिज, म्हणजे फिल्टरच्या आतली बदलता येणारी गाळणी, किती लिटर पाणी गाळते आणि ती किती महिने चालते. घेणारा माणूस महिन्यांचा आकडा लक्षात ठेवतो आणि लिटरचा सोडून देतो. खरे तर उलट करायला हवे. अशा अनेक फिल्टरांची क्षमता 100 अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे 378 लिटर असते आणि तिच्यापुढे ‘दोन ते तीन महिने’ असे लिहिलेले असते. 378 ला 90 दिवसांनी भागले की रोजचे जेमतेम सव्वाचार लिटर हाती येतात. मुंबईतल्या चार माणसांच्या घरात पिण्याचे, चहाचे, डाळ-तांदळाचे आणि कणीक भिजवण्याचे पाणी एकत्र धरले तर रोज 12 ते 15 लिटर सहज लागते. त्या हिशेबाने तीच कार्ट्रिज महिन्याभरात, कदाचित 25 दिवसांतच, संपते. म्हणून दुकानात उभे असतानाच कार्ट्रिजची किंमत लिटरांनी भागून पाहावी आणि मगच फिल्टर स्वस्त की महाग ते ठरवावे.

घेण्यापूर्वी: पाणी कुठले आणि दाब किती

मुंबईला भातसा, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून पाणी मिळते आणि त्यावर मुख्यतः भांडुप व पांजरापूर येथे प्रक्रिया होते. हे पावसाचे साठवलेले पाणी असल्यामुळे मुळातच मृदू असते आणि त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. भारतीय मानक आयएस 10500 मध्ये विरघळलेल्या घटकांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि पालिकेचे पाणी तिच्या पुष्कळ खाली असते. अशा पाण्याला आरओ यंत्र लावून क्षार काढण्यात काही अर्थ नाही. आपल्याला नको असतो तो क्लोरीनचा वास, जुन्या लोखंडी नळांतला गंज आणि टाकीतला बारीक गाळ, आणि एवढ्या कामाला सक्रिय कार्बनचा, म्हणजे खास प्रक्रिया केलेल्या कोळशाचा, नळावरचा फिल्टर पुरतो. मात्र सोसायटीत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी मिसळत असेल तर हा फिल्टर त्या पाण्याचा खारटपणा आणि जडपणा कमी करणार नाही, हे पैसे देण्यापूर्वीच समजून घ्यावे.

कार्बनला जंतूही मारता येत नाहीत, आणि मुंबईत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. येथे बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच येते. पुरवठा बंद असताना जलवाहिनीतला दाब उतरतो आणि वाहिनीला कुठे भेग असेल तर आजूबाजूच्या गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. त्यामुळे पाणी सुटल्यानंतरचा पहिला लोंढा सर्वांत संशयास्पद असतो. फिल्टरमध्ये पोकळ तंतूंची पटले किंवा सिरॅमिक कँडल असेल तर बहुतेक जिवाणू अडतात; पण कावीळ पसरवणारा हिपॅटायटिस ए चा विषाणू सुमारे 0.027 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असल्याने 0.1 मायक्रॉनच्या छिद्रांतून तो सहज निसटतो. पावसाळ्यात गाळलेले पाणी उकळूनच प्यावे; पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर ते आणखी किमान एक मिनिट आचेवर राहू द्यावे.

दाबाचा विचार फारसे कोणी करत नाही, आणि ‘फिल्टर चालतच नाही’ ही तक्रार अनेकदा तेथूनच सुरू होते. अनेक खोक्यांवर किमान दाब 20 पीएसआय, म्हणजे साधारण 1.4 बार लिहिलेला असतो. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब मिळतो, म्हणजे 1.4 बारसाठी टाकी नळापासून 14 मीटर, अर्थात चार-पाच मजले उंच हवी. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावरून दोन-तीन मीटरच उंच असते आणि दाब 0.2 ते 0.3 बारच्या पुढे जात नाही. तेथे नवा कोरा फिल्टरही करंगळीएवढी धार देतो आणि ‘कार्ट्रिज खराब निघाली’ असा बोभाटा होतो. गच्चीखालच्या घरात राहणाऱ्यांनी दाब वाढवणारा पंप नसल्यास नळावरच्या फिल्टरच्या भरीला पडू नये. ओट्यावर ठेवायचा, वरच्या भांड्यातून खालच्या भांड्यात पाणी झिरपवणारा कँडलचा फिल्टर त्यांना अधिक सोयीचा पडतो.

खरेदी करताना खोक्यावर एनएसएफ/एएनएसआय 42 आणि 53 या अमेरिकी मानकांचा उल्लेख आहे का ते पाहावे. 42 हे चव, वास आणि क्लोरीनसंबंधीचे, तर 53 हे शिसे, परजीवींचे कोष यांसारख्या आरोग्याला बाधक गोष्टींसंबंधीचे मानक आहे. नुसत्या ‘टेस्टेड’ या शब्दाला किंमत देऊ नये. स्टेशनबाहेर मिळणारे रंगीत खड्यांचे गोल फिल्टर गाळाचे मोठे कण अडवतात, म्हणजे आपल्या आजीने नळाला बांधलेले फडकेच ते, जरा देखणे.

बसवताना

नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढावी आणि ती खिशात घालूनच दुकानात जावे. नळाचे आटे आतून आहेत की बाहेरून, आणि त्यांचा व्यास किती, हे डोळ्यांनी ठरवणे अवघड असते. जाळी दाखवली की दुकानदार जुळणारा जोड काढून देतो. शक्य असेल तेथे प्लॅस्टिकऐवजी पितळेचा जोड घ्यावा, कारण माझ्या पाहण्यात कार्ट्रिज संपण्याआधी जोडाची मान तुटलेले फिल्टरच अधिक आहेत. मुंबईच्या लहान सिंकमध्ये कुकर किंवा कढई धुताना फिल्टरला रोज धक्के बसतात, आणि पाण्याने भरलेल्या त्या डब्याचा सगळा भार तीन-चार आट्यांवर लटकलेला असतो. टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे पुरेत. प्लॅस्टिकचा जोड हातानेच आवळावा. पाना लावला की आटे सोलवटतात किंवा मानेला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते आणि ती पुढे पंधरवड्याने उघडी पडते.

बसवल्यावर पहिले पाच मिनिटे पाणी वाहू द्यावे. सुरुवातीला काळसर पाणी येते, ती कार्बनची भुकटी असते. ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरावे. सिंकच्या नळाला गिझरचे पाणी येत असेल तर ते फिल्टरमधून कधीही सोडू नये. बहुतेक उत्पादक 38 अंश सेल्सिअसची मर्यादा देतात. गरम पाण्याने कार्बनने धरून ठेवलेले काही पदार्थ पुन्हा सुटू शकतात आणि प्लॅस्टिकचे भागही वाकतात.

पहिल्या दिवसाचे माप

आता मोबाइलवरील घड्याळ लावून एक लिटरची बाटली फिल्टरखाली भरावी आणि लागलेले सेकंद तारखेसह कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती ओट्यावरच्या फरशीला चिकटवावी. हे माप दिवसाच्या एकाच वेळी घ्यावे, कारण टाकी काठोकाठ भरलेली असताना आणि तळाला गेलेली असताना दाब वेगळा असतो. पुढे दर रविवारी तेच माप घ्यावे. समजा पहिल्या दिवशी 40 सेकंद लागले आणि पाचव्या आठवड्यात 80 लागू लागले, तर कार्ट्रिज गाळाने निम्मी तुंबली आहे. पावसाळ्यात ही घसरण लवकर होते.

मात्र धार चांगली आहे म्हणून कार्बन शाबूत आहे असे नव्हे. तुंबणे आणि दमणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाणी स्वच्छ असेल तर कार्ट्रिज मोकळी राहते, पण कार्बनची क्लोरीन धरण्याची शक्ती संपलेली असते. याची तपासणी टीडीएस मीटरने होत नाही. कार्बन विरघळलेले क्षार काढतच नाही, त्यामुळे मीटर आधी आणि नंतर जवळजवळ एकच आकडा दाखवतो, आणि त्यावरून फिल्टरला नापास ठरवणारे लोक पुष्कळ आहेत. त्याऐवजी पाण्यातील क्लोरीन तपासण्याचे थेंबांचे किट आणावे. थेंब टाकल्यावर फिल्टरला वळसा घालून आलेल्या पाण्याला पिवळा किंवा गुलाबी रंग चढला आणि गाळलेले पाणी रंगहीन राहिले तर कार्बन काम करत आहे. दोन्ही नमुने सारखेच रंगले तर खोक्यावरचे महिने संपले असोत वा नसोत, कार्ट्रिज बदलावी. तपासलेले पाणी पिऊ नये, ओतून द्यावे. साध्या नळाच्या पाण्यालाच रंग आला नाही तर त्यात क्लोरीन उरलेला नाही, आणि मग प्रश्न फिल्टरचा नसून सोसायटीच्या टाकीचा किंवा वाहिनीचा आहे.

पाण्याचा वेगही मध्यम ठेवावा. नळ पूर्ण सोडला की पाणी कार्बनला पुरेसे लागून राहत नाही आणि क्लोरीन तसाच पुढे जातो. अर्धा सोडलेला नळ चांगले गाळतो.

गळती लागली तर

महिना-दीड महिना नीट चाललेला फिल्टर एकाएकी मानेतून गळू लागला की आपण वॉशर बदलतो, आणखी टेप गुंडाळतो, आणि गळती दोन दिवसांनी परत येते. माझ्याही घरी एका पावसाळ्यात असे तीन वॉशर वाया गेले. कारण असे की, नळाची चावी फिल्टरच्या आधी असल्यामुळे एरवी मानेवर थोडासाच दाब येतो. कार्ट्रिज तुंबली की पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि चावी उघडताच वाहिनीचा जवळजवळ पूर्ण दाब मानेच्या जोडावर येतो. म्हणून गळती दिसली की आधी बाटली भरून सेकंद मोजावेत. वेळ दुपटीवर गेली असेल तर कार्ट्रिज बदलावी. बहुधा त्याने जोड आपोआप कोरडा होतो.

उंच वाकड्या मानेच्या फिरत्या नळाला फिल्टर लावल्यावर नळाच्या बुडाशी पाणी झिरपू लागते, त्याचेही कारण हेच. तेथील रबरी कड्याने पूर्वी कधी दाब सोसलेलाच नसतो. प्लंबरकडून ते कडे बदलून घ्यावे, नळ बदलण्याची गरज नसते. पाणी सुटताना नळातून हवेचे फुत्कार येतात, त्या वेळी फिल्टरचा खटका, म्हणजे गाळलेले की साधे पाणी हवे ते ठरवणारी कळ, साध्या पाण्यावर ठेवावा. हवेच्या धक्क्यांनी खटक्याच्या आतली सील लवकर झिजते, शिवाय तो पहिला गढूळ लोंढाही कार्ट्रिजमध्ये शिरत नाही. एवढ्या एका सवयीने कार्ट्रिजचे आयुष्य चांगलेच लांबते.

वापर आणि साठवण

कार्बन क्लोरीन काढतो, त्यामुळे ओल्या कार्ट्रिजमध्ये आणि गाळलेल्या पाण्यात जंतूंना आडकाठी उरत नाही. सकाळी पहिले अर्धे मिनिट पाणी सोडून द्यावे. गणपतीला गावी जाऊन आठवड्याने परतल्यावर पाच मिनिटे तरी सोडावे, आणि पाण्याला कुबट वास येत असेल तर कार्ट्रिज फेकून द्यावी. गाळलेले पाणी माठात किंवा पिंपात एका दिवसापेक्षा अधिक ठेवू नये आणि भांडे रोज घासावे. सिरॅमिक कँडल असलेल्यांनी ती वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासावी, साबण लावू नये. घासून घासून ती उत्पादकाने दिलेल्या मापापेक्षा बारीक झाली किंवा तिला केसाएवढी चीर गेली, तर ती निकामी समजावी. सोसायटीची टाकी धुतली गेली की तळाचा ढवळलेला गाळ नळांतून येत राहतो, म्हणून नोटीस बोर्डावर टाकी धुण्याची तारीख दिसताच आदल्या रात्री पिण्याचे पाणी भरून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी बादलीत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत फिल्टरचा खटका साध्या पाण्यावरच राहू द्यावा.