हुमला आणि शेणकिडा: ताकद मोजायला निघताना

आधी काटा. ओझं तोलायचा नव्हे, किडा तोलायचा. गेल्या जूनमध्ये मुलांना घेऊन अख्खी सकाळ आम्ही हुमले (झाडावर पानं जोडून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या) किती उचलतात नि शेणकिडे किती ओढतात ते टिपत बसलो. घरी आल्यावर लक्षात आलं, त्यांचं स्वतःचं वजनच घेतलेलं नाही! ‘स्वतःच्या किती पट’ हाच तर प्रश्न होता. किडे केव्हाच सोडून दिलेले, मुलांची तोंडं उतरलेली.

स्वयंपाकघरातला काटा नेऊ नका. हुमला जेमतेम ५ मिलिग्रॅमचा. २०० हुमले चढवावेत तेव्हा कुठे १ ग्रॅम होतो. सोनाराकडचा मिलिग्रॅमचा काटा आदल्या दिवशीच मागून ठेवा. वीस हुमले झाकणाच्या कुपीत एकदम तोला, कुपीचं वजन वजा करा, वीसने भागा. शेणकिडा मात्र एकेकटाच तोला, शिंगवाला की बिनशिंगाचा तेही लिहा. २०१० साली ऑन्थोफॅगस टॉरस या शेणकिड्याने स्वतःच्या १,१४१ पट वजन ओढल्याचं प्रसिद्ध झालं. शेणाखालच्या बिळात दुसऱ्या नराला रेटून बाहेर काढायचं तर शिंगवाल्याला एवढी ताकद हवीच. बिनशिंगाचे छोटे नर मारामारी टाळून चोरून मादी गाठतात, त्यांच्यात तो जोर नसतो. आपल्याकडे सापडतात ते याचे भाऊबंद, तेव्हा हाच आकडा यायला हवा असा हट्ट नको.

हुमला स्वतःच्या शंभर पट वजन पेलतो असं सांगतात; पण ते ‘शंभर पट’ म्हणजे काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागाला उलटं लटकून जबड्यात वजन धरणं. तिथे पायांच्या गाद्यांची पकड मोजली जाते. म्हणून वहीत दोन रकाने: ‘ओढलं’ आणि ‘धरलं’. एकाच रकान्यात भरलंत तर तुलनाच खोटी. काच स्वच्छ पुसलेली हवी, धुळीवर पाय चिकटत नाहीत.

शेण त्याच सकाळचं. पूर्ण बाह्या घाला; हुमला चावतो आणि चावल्या जागी आम्ल सोडतो, मुलांचे डोळे सांभाळा. शेणकिड्याच्या पाठीवर दोरा चिकटवताना गोंद टिपकाभरच, आणि दोन पंखांच्या फटीवर मुळीच नको, नाहीतर त्याचं उडणं संपलं.

चिमटा, पेन्सिल, पाणी, छत्री. काटा घेतलात? किडे जिथून आणले तिथेच सोडा, पण तोलल्याशिवाय एकही सोडू नका.