पूरकाळात नेहमी होणाऱ्या या चुका टाळा

मदतकार्यात माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक अपघात पाणी सर्वाधिक उंचीवर असताना झालेले नाहीत. ते झाले पाणी चढत असताना दाखवलेल्या फाजील धाडसामुळे आणि ओसरत असताना सुटलेल्या धीरामुळे.

पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात वाहन घालणे ही त्यांतली सर्वांत हट्टी चूक आहे. वेगाने वाहणारे पाणी अवघे 15 सेंटिमीटर खोल असले तरी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते, सुमारे 30 सेंटिमीटर पाण्यात अनेक लहान मोटारी तरंगू लागतात आणि 60 सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे लक्षात घेतले तर काल पार केलेला पूल आज का पार होत नाही, ते समजते. तरीही पहिल्या गियरमध्ये गाडी सावकाश काढण्याच्या युक्त्या सांगणाऱ्या चित्रफिती पाहून आलेले नवशिके चालक दरवर्षी भेटतातच.

एका पावसाळ्यात आम्ही एका ठेंगण्या पुलाच्या अलीकडे दोर बांधून वाहने थांबवीत होतो. नुकतीच एक मालमोटार पलीकडे गेली होती, त्यामुळे मागून आलेल्या मोटारीच्या चालकाने ‘ती गेली, मग आम्हीच काय घोडे मारले?’ असा वाद घालत स्वतः उतरून दोर सोडला. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंतही नव्हते. मध्यावर मागची चाके एकदम बाजूला सरकली, इंजिन बंद पडले आणि गाडी कडेच्या दगडी खुंटाला अडकली, म्हणूनच आतल्या चौघांना खिडकीतून एकेक करून दोराने ओढून काढता आले. पाणी उतरल्यावर पाहिले, तर गाडी अडकली होती तेथून दोन हातांवर पुलाचा पृष्ठभागच वाहून गेलेला होता.

काठीने खोली मोजून पाहू, असे म्हणणाऱ्यांना मी हीच हकिगत सांगतो, कारण काठीने खोली कळली तरी वेग कळत नाही आणि पुढच्या पावलाखालची पोकळीही कळत नाही. पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर मी गाडी वळवतो आणि उशीर झाल्याबद्दलची बोलणी ऐकून घेतो. गाडी अडकून पाणी चढू लागलेच, तर सामानाचा विचार न करता पट्टा सोडावा आणि लगेच खिडकीची काच खाली करून बाहेर पडावे. बाहेरचे पाणी दाराच्या निम्म्यापर्यंत आले की त्याच्या दाबामुळे दार उघडणे जवळजवळ अशक्य होते.

दुसरी चूक घरी परतल्यावर होते. मुख्य स्विच बंद केला म्हणजे घरातली वीज गेली, असे लोक गृहीत धरतात आणि माळ्यावरचा इन्व्हर्टर विसरतात. बाहेरचा पुरवठा तोडला तरी तो दिव्यांच्या तारांत वीज सोडतच राहतो, आणि ओल्या भिंतीला हात लावणाऱ्याला त्याची कल्पना नसते. म्हणून घर सोडतानाच मुख्य स्विचबरोबर इन्व्हर्टरही बंद करावा. ते राहून गेले असेल तर परतल्यावर पाण्यात उभे राहून कोणत्याही स्विचला हात न लावता वायरमनला बोलवावे. तो येईपर्यंत दोन दिवस अंधारात काढावे लागले तरी चालतील.

तळघर एका दमात उपसण्याची घाई तर कळण्यापलीकडची आहे. बाहेरची माती पाण्याने फुगलेली असताना आतले पाणी एकाएकी काढले, तर मातीच्या दाबाने भिंत आत ढासळू शकते. बाहेरचे पाणी ओसरू द्यावे आणि मग रोज सुमारे एक तृतीयांश उपसावे.

उपशासाठी जनरेटर लावायचा असेल, तर तो घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान 6 मीटर दूर ठेवावा, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि खिडकी उघडी ठेवल्याने तो धोका टळत नाही.

पिण्याचे पाणी माणशी रोज 4 लिटर या हिशेबाने किमान तीन दिवसांचे भरून ठेवावे. पुरानंतर गढूळ पाणी आधी गाळून मग खळखळ उकळावे. मात्र त्यात इंधन किंवा रसायन मिसळल्याचा संशय असेल तर उकळूनही ते पिऊ नये. संपर्कासाठी सतत फोन लावत बसू नये, लघुसंदेश पाठवावा. गर्दीच्या जाळ्यातून तो लवकर जातो.

चक्रीवादळात वारा एकाएकी थांबला म्हणून बाहेर पडू नये, कारण वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, पुढे सरकताच वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. त्सुनामीची पहिली लाट ओसरल्यावर किनाऱ्यावर परतू नये. पुढची लाट अधिक मोठी असू शकते.

शेवटचे काम बहुतेक जण उलट क्रमाने करतात, म्हणजे आधी घर धुतात आणि मग विमा आठवतो. भिंतीवरची पाण्याची रेघ आणि भिजलेली प्रत्येक वस्तू यांची छायाचित्रे आधी काढावीत, झाडू त्यानंतर हाती घ्यावा.