ओव्याच्या पाण्याच्या चुळा: घरी कशा कराव्यात

ओव्याचा झणझणीत वास थायमॉलचा, म्हणजे ओव्याच्या तेलातल्या एका घटकाचा. तोंडातल्या जिवाणूंवर मारा करतं ते हेच. बाजारातल्या कित्येक माउथवॉशमध्येही ते असतं.

सपाट चहाचा चमचाभर, म्हणजे सुमारे 2 ग्रॅम ओवा खलबत्त्यात भरड कुटा. अख्खा टाकलात तर तेल दाण्यातच अडकून राहतं. 200 मिली पाणी उकळून गॅस बंद करा, ओवा घाला आणि लगेच घट्ट झाकण ठेवा. उघड्या भांड्यात उकळत ठेवणं ही नेहमीची चूक: घरभर वास सुटतो, म्हणजे थायमॉल वाफेबरोबर निघून गेलेलं असतं. 15 मिनिटांनी झाकण काढताना त्याला आतून चिकटलेले थेंब भांड्यातच झटका. तेल त्यांतही असतं. दुपदरी सुती कापडातून गाळा, नाहीतर चुरा हिरड्यांत अडकतो. हवं तर पाव चमचा मीठ घाला.

कोमट झाल्यावर 2 मोठे चमचे तोंडात घेऊन 30 सेकंद खळखळवा आणि थुंका. थायमॉल पाण्यात फार कमी विरघळतं, म्हणून दुप्पट ओवा घालून दुप्पट फायदा होत नाही, तोंड मात्र चरचरतं. ओव्याचं निव्वळ तेल तर थेट लावूच नका.

उरलेलं पाणी फ्रिजमध्ये ठेवून 24 तासांत संपवा. नीट चूळ थुंकता न येणाऱ्या लहान मुलांना देऊ नका. ब्रश सोडून फक्त चुळांवर भागत नाही. दातांवर बसलेला थर घासल्याशिवाय निघत नाही.